खोल बाजूला गुडघाभर पाणी

१

"वहिनी, बाबांच्या हातात तलावाच्या किल्ल्या फार दिवस ठेवू नकोस," असं नणंद म्हणाली होती, आणि भिंगरीच्या आईने ते चक्क हसण्यावारी नेलं होतं.

नणंद माहेरी राहून निघाली होती. दारात चपलेचा पट्टा लावता लावता तिने हे काढलं. "बाबा विसरायला लागलेत. तू रोज बघतेस म्हणून तुला दिसत नाही."

"अगं, या वयात चष्मा कुठे ठेवला ते विसरतात माणसं. मी तर आत्ताच विसरते."

"चष्मा हरवला तर सापडतो गं. या किल्ल्या पाण्याच्या आहेत."

एरवी भिंगरीची आई म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी, लेकीला साधी शिंक आली तरी कपाळाला हात लावून बघणारी. पण सासऱ्यांच्या बाबतीत तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. नवरा कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस परगावी, तिची नोकरी, आणि शाळा सुटल्यावर भिंगरी असायची ती आजोबांच्या ताब्यात. आजोबांच्या डोक्याची शंका घ्यायची तर सगळ्या घराचाच पाया उकरावा लागला असता. कोण उकरणार?

म्हणून त्या सुट्टीच्या सकाळी वसाहतीच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला, तेव्हा तिने हातातलं काम तसंच टाकलं.

"जरा तलावावर येता? तुमचे सासरे इथेच आहेत." मग थोडं थांबून, "आणि पाणीही."

वसाहतीचा पोहण्याचा तलाव छपराखालचा, बंदिस्त. वर्षातून एकदा तो दुरुस्तीसाठी बंद व्हायचा. सगळं पाणी काढायचं, निखळलेल्या फरश्या बदलायच्या, फरश्यांमधले सांधे नव्याने भरायचे, फिल्टरची वाळू धुवायची. सांधे भरले की तलाव चांगला आठवडाभर कोरडा ठेवायचा, मगच पाणी. खोल बाजूचे सांधे कालच भरून झाले होते.

ती लेकीचा हात धरून आत शिरली, तर त्याच खोल बाजूला गुडघाभर पाणी. आणि पाणी तरी कसलं, दुधात राख कालवल्यासारखं! फरशीवाल्याने उकिडवं बसून बोटाने भरलेले सांधे त्यात विरघळून गेले होते.

काठावर तिघं उभी होती. सेक्रेटरीबाई, फरशीवाला आणि मुलांना पोहायला शिकवणारे कोच. कोचच्या गळ्यात तलाव कोरडा असला तरी शिट्टी असायचीच, म्हणून पोरं त्यांना शिट्टीसर म्हणत. बाबा भिंतीकडच्या बाकावर बसले होते, मांडीवर पंपघराच्या किल्ल्यांचा जुडगा.

सेक्रेटरीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काका, पाणी तुम्ही सोडलंत?"

"हो. मीच सोडलं."

"का पण?"

बाबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा फरशीवाल्याकडे. "यांनीच सांगितलं म्हणून."

फरशीवाल्याच्या हातातली थापी खाली पडली. रिकाम्या हॉलमध्ये तिचा खणखणाट भिंतीभिंतींवरून फिरत राहिला.

"मी?" तो म्हणाला. "मी सांगितलं?"

२

सेक्रेटरीबाईंनी भिंगरीच्या आईला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हत्या. आवाज खाली आणून बोलत होत्या, हेच भिंगरीच्या आईला जास्त लागलं.

"संध्याकाळी समितीची माणसं जमतील. तोवर किल्ल्या काकांकडे असू देत. पण संध्याकाळी त्या मला घ्याव्या लागतील. मलाही बरं वाटत नाही हो. पण आज सांधे गेले. उद्या पाण्यात औषध घालताना हात चुकला, आणि आत मुलं असली तर?"

भिंगरीच्या आईच्या मनात तेच होतं, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती. तिला एकेक आठवायला लागलं. आदल्याच दिवशी आणलेलं दूध पडून होतं, नको म्हणून सांगितलं होतं, तरी बाबा पिशवी घेऊन आले. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी भिंगरीला दप्तर अडकवून शाळेच्या बंद फाटकापर्यंत नेऊन आले. कुंड्यांत निवडुंगाची नवीन रोपं लावली होती, दोन दिवस हात लावू नका असं ठरलं होतं, तर सकाळी उठून पाहते तो कुंड्यांचं तळं. नणंद उगाच नव्हती बोलली.

सासूबाई गेल्यापासून बाबांना सकाळी उठायला या किल्ल्यांचंच निमित्त होतं. उभा जन्म पाणीपुरवठ्यात गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर वसाहतीने पंपघर त्यांच्या हवाली केलं, तेव्हा कुठे ते पुन्हा दाढी वेळेवर करायला लागले. किल्ल्या गेल्या तर काय उरेल, हे बघायला तिला लांब जावं लागणार नव्हतं. घरातच दिसलं असतं.

ती पंपघरात गेली. कशाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. रडायला असेल. पण ती पडली चौकस. रडायच्या आधी तिने पाहून घेतलं.

तलाव रिकामा करायचा व्हॉल्व घट्ट बंद होता. भरायचा व्हॉल्व सकाळी सेक्रेटरीबाईंनी फिरवून बंद केला होता. "तो पुरता उघडाच नव्हता," बाई दारातून म्हणाल्या. "जेमतेम. म्हणून तर गुडघाभरच भरलं."

मग ती तलावाच्या काठाने खोल बाजूला गेली आणि वाकून पाहिलं. गाळ खाली बसून पाणी आता जरा निवळलं होतं. पाणी ज्या जाळीतून आत येतं, तिच्या बरोब्बर खाली एक पोतं होतं. चार पदरी घडी केलेलं, वाहून जाऊ नये म्हणून वर वीट. पाण्याची धार थेट ओल्या सांध्यांवर आपटू नये, पोत्यावर पडून हळूहळू पसरावी, अशी ती तजवीज होती. फरशीवाला आपली पिशवी रोज तळाशीच ठेवून जायचा. ती पिशवी वर कठड्याला अडकवलेली होती. कोरडी ठणठणीत.

भिंगरीच्या आईने पदर खोचल्यासारखा ओढणीचा शेव खोचला. ज्याला नासधूस करायची, तो पोतं कशाला अंथरील? बरं, वाईट हेतू नव्हता म्हणावं, विसरभोळेपणाच होता म्हणावं, तर ज्या माणसाला आधी खालचा व्हॉल्व बंद करायचा, वरचा थोडाच उघडायचा, पोतं घालायचं, वीट ठेवायची आणि दुसऱ्याची पिशवीसुद्धा उचलायची, एवढं सगळं क्रमाने आठवलं, तो नेमकं काय विसरला?

बाबांनी हे समजूनउमजून, काळजीने केलं होतं. मग त्यांना कोणीतरी 'सोड' म्हटलं असलंच पाहिजे.

म्हणजे इथे कोणीतरी खोटं बोलत होतं.

३

पाणी उपसायला लावलं होतं. फरशीवाला उथळ बाजूच्या पायऱ्यांवर नखांतलं सिमेंट काढत बसला होता. त्याचा चेहरा पाहून भिंगरीच्या आईला वाटलं, या माणसाला आत्ता काही विचारू नये. तरी ती शेजारच्या पायरीवर बसली.

"ताई, खोटं बोललो तर माझी जीभ झडो," तो आपणहून म्हणाला. "मी उलट सांगितलं होतं."

"उलट म्हणजे काय? जसं बोललात तसं सांगा. शब्द न् शब्द."

"आता शब्द काय! काका काठावर आले. म्हणाले, 'काय, झालं का?' मी शेवटच्या कोपऱ्यात होतो. मी म्हटलं, 'झालं काका. पाणी सोडायचं नाही.' काकांनी हात वर केला. आता हात वर केल्यावर मी काय त्यांचा अंगठा घेऊ?"

"त्यांच्याकडे बघून बोललात?"

"बघून म्हणजे... 'झालं काका' म्हणताना बघितलं की. मग माझं बोट ओल्या सांध्यात होतं. मान वर करून गप्पा मारत बसलो तर सांधा सापासारखा जातो. घरीसुद्धा मी फरशीकडे बघून बोलतो, अशी बायकोची तक्रार आहे."

"तो मोठा पंखा चालू होता?"

"ब्लोअर? तो तर दिवसभर. सुकायला नको? आज बंद आहे म्हणून तुमचा माझा आवाज ऐकू येतोय."

भिंगरीची आई त्याच्या गुडघ्यांकडे पाहत होती. दोन्ही गुडघ्यांवर जाड रबराच्या गाद्या बांधलेल्या, त्याही झिजलेल्या. आता आख्खी खोल बाजू पुन्हा खरवडायची, ती याच गुडघ्यांवर. स्वतःच्या हाताने स्वतःचं मढं उचलायला हा का सांगेल?

"खोटं वाटत असेल तर शिट्टीसरांना विचारा," तो म्हणाला. "ते काकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते."

हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

४

शिट्टीसर आपल्या केबिनमध्ये तरंगायच्या फळ्या पुसत होते. त्या आधीच स्वच्छ होत्या.

दुरुस्ती लवकर संपावी असं कोणाला सर्वांत जास्त वाटत होतं, तर यांना. मुलांच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या आणि त्यांची पोरं पाण्याविना गाद्यांवर पालथं पडून हात मारत होती. आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते की हल्ली सांध्यांत भरायला नवीन माल आलाय, रात्रीत सुकतो.

"सर, काल तुम्ही बाबांच्या शेजारी होता म्हणे."

"होतो ना." फळी पुसणं थांबलं. "भिंगरीच्या आई, मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आहे ते. मला घाई होती, खरं आहे. पण व्हॉल्वला मी हात लावलेला नाही."

"मग पोतं कोणी ठेवलं?"

"कसलं पोतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कोरं आश्चर्य होतं की ते शिकवून येत नाही. पोतं त्यांच्या गावीही नव्हतं.

"फरशीवाला काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत?"

"'पाणी सोडायचं नाही.' अगदी स्वच्छ ऐकलं. आणि लक्षात का आहे सांगू? ते 'नाही' ऐकून माझं तोंड एवढंसं झालं. मला वाटत होतं, तो 'सोडा' म्हणेल."

"आणि बाबा?"

"काकांनी हात वर केला, मान डोलावली आणि गेले." शिट्टीसरांनी फळी ठेवून दिली. त्यांचा आवाज मऊ झाला. "मला बोलायचं नव्हतं. पण माझ्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं. समोर ऐकायची, मान डोलवायची आणि दाराबाहेर जाईपर्यंत विसरायची. तुम्ही त्यांना दाखवून घ्या कुठेतरी."

ती बाहेर आली. दोन माणसं, वेगवेगळी विचारलेली, आणि दोघांचं बोलणं एकमेकांत खाचेला खाच बसणारं. एकाला घाई होती, तरी तो स्वतःच्या गैरसोयीचं बोलत होता. दुसऱ्याचं तर सरळच नुकसान झालं होतं.

खोटं बोलणारं मग एकच माणूस उरत होतं. त्याच्याच घरी तिला आता स्वयंपाक करायचा होता.

५

"आई, आजोबांना सांग ना नीट खेळायला," भिंगरी कुरकुरली. "कानगोष्टीत मी 'पोपट' म्हटलं तर ते 'टोपली' म्हणतात. चीटिंग करतात."

"आजोबांना त्रास देऊ नकोस. जा, चित्र काढ."

बाबा खिडकीशी बसले होते. जेवण नीट झालं नव्हतं. तिने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली.

"विचार," ते म्हणाले. "सगळ्यांनी विचारलं, तू का मागे?"

"फरशीवाला काल तुम्हाला काय म्हणाला? आठवतंय तसं."

"आठवतंय तसं कशाला, जसंच्या तसं सांगतो. मी विचारलं, झालं का. तो म्हणाला, 'झालं काका. पाणी सोडायचं.'"

"तुम्हाला नवल नाही वाटलं? ओल्या सांध्यांवर पाणी?"

"वाटलं की! एवढं कळत नाही का मला? पण ते शिट्टीवाले आठवडाभर कानीकपाळी ओरडतायत, नवीन माल, नवीन माल. म्हटलं, असेल. आपल्या वेळचं सगळंच आता राहिलं नाही. तरी मन मानेना, म्हणून पोतं घातलं. व्हॉल्व थोडाच उघडला."

"बाबा, पण मन मानत नव्हतं तर परत एकदा विचारायचं ना त्याला!"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हल्ली परत विचारलं की लोक चिडतात, पोरी. 'आत्ताच तर सांगितलं काका.' भाजीवाला म्हणतो, बँकेतली मुलगी म्हणते." मग तिच्याकडे न पाहता, "तूही म्हणतेस."

"मान डोलावली की भागतं," ते पुढे म्हणाले. "पण काल नाही भागलं." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला आणि तिच्या दिशेने सरकवला. "खरं सांग. तुझ्या नणंदेलाही तसंच वाटतंय, मला ठाऊक आहे. माझं डोकं चाललंय का गं?"

६

ती उठून स्वयंपाकघरात आली, धुराचा पंखा लावला आणि नळ सोडला. रडताना भिंगरीने ऐकू नये म्हणून ही तिची जुनी युक्ती होती. पण रडू येण्याआधीच तिच्या डोक्यात तीन वाक्यं रांगेत येऊन उभी राहिली.

फरशीवाला: झालं काका. पाणी सोडायचं नाही.

शिट्टीसर: पाणी सोडायचं नाही.

बाबा: झालं काका. पाणी सोडायचं.

खोटं रचणारा माणूस आपल्या सोयीचं वाक्य रचतो. विसरलेल्या माणसाला वाक्यच आठवत नाही, तो चाचपडतो. बाबांना तर 'झालं काका'सुद्धा आठवत होतं. तिघांचं वाक्य एकच होतं. फक्त बाबांच्या वाक्याला शेपूट नव्हतं.

तिने नळ बंद केला.

तिघंही खरं बोलत होते.

आपली भाषाच अशी. आधी सगळं काम सांगून मोकळं व्हायचं, आणि करू नये हे मात्र शेवटच्या शब्दात सांगायचं. आणायचं नाही. जायचं नाही. घालायचं नाही. तो शेवटचा शब्द बोलेपर्यंत माणसाचा श्वास संपलेला असतो, मान वळलेली असते, हात पुढच्या कामाला लागलेला असतो. फरशीवाल्याने पहिले दोन शब्द वर बघून म्हटले होते आणि 'नाही' फरशीला ऐकवलं होतं. वर ब्लोअरची घरघर आणि रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज. शिट्टीसरांच्या तरुण कानांनी तो शब्द पकडला. बाबांच्या कानांपर्यंत तो पोचलाच नाही. आणि पोचला नाही हे कळणार कसं? वाक्य तर पुरं होतं. 'पाणी सोडायचं.' यात काय कमी आहे?

तिने सकाळची यादी मनात पुन्हा उलगडली. "बाबा, आज दूध आणायचं नाही," ती भांडी घासता घासता म्हणाली होती. बाबांनी दूध आणलं. "उद्या भिंगरीला शाळेत सोडायचं नाही," ती दुसऱ्या खोलीतून ओरडली होती. बाबांनी सोडलं. "कुंड्यांना पाणी घालायचं नाही." बाबांनी घातलं.

ज्याची आठवण जाते, तो करायचं ते करत नाही. औषध घेत नाही, नळ बंद करत नाही, लेकराला आणायला जात नाही. बाबांनी यातलं एकही कधी चुकवलं नव्हतं. ते चुकले होते ते फक्त न करायचं करण्यात. आणि प्रत्येक वेळी सांगितल्याबरहुकूम, एक शब्द सोडून.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, एवढं तिचं शिक्षण झालं होतं. पंखा तसाच घरघरत ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबा पाठमोरे बसले होते. खिडकी उघडी होती. तिने आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"बाबा, खिडकी लावायची नाही."

बाबा उठले. त्यांनी खिडकी लावली, कडी घातली आणि पुन्हा जागेवर बसले.

ती ओढणीआड हसावं की रडावं अशी उभी राहिली. मग पंखा बंद करून त्यांच्या अगदी समोर गेली.

"बाबा, संध्याकाळी तलावावर तुमची एक परीक्षा आहे. सगळ्यांसमोर. द्याल?"

त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "या वयात? नापास झालो म्हणजे?"

"नापास झालात तरच पास."

"हे कुठलं गणित?" ते म्हणाले, पण जुडगा उचलून त्यांनी खिशात टाकला.

७

संध्याकाळपर्यंत खोल बाजू उपसून झाली होती. समितीची चार माणसं, सेक्रेटरीबाई, शिट्टीसर, सगळे काठावर. तळाशी उतरायला ॲल्युमिनियमची शिडी लावलेली होती. भिंगरीच्या आईने ब्लोअर सुरू करायला लावला. शिट्टीसरांना कालच्याच जागी उभं केलं, बाबांना त्यांच्या शेजारी. फरशीवाला खाली कोपऱ्यात. त्याला तिने आधीच कानात सांगून ठेवलं होतं. काल जसं बोललात तसंच, तीच मान, तोच सूर. फक्त वाक्य निराळं.

"काय, झालं का?" बाबांनी काठावरून विचारलं, तिने सांगितलं होतं तसं.

"झालं काका!" फरशीवाल्याने वर पाहिलं, मग मान खाली घालून सांध्यावर बोट फिरवलं. "शिडी काढायची नाही."

बाबांनी हात वर केला. मान डोलावली. मग पुढे झाले, शिडी दोन्ही हातांनी धरली, सरसर वर ओढून घेतली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली.

"अहो काका!" खालून आवाज आला. "मी आत आहे ना!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. ब्लोअर बंद झाला, तेव्हा हॉलमध्ये इतकी शांतता झाली की थेंब गळताना ऐकू आले. म्हणजे, ज्यांना येत होते त्यांना.

"सर, काय ऐकलंत?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"काढायची नाही," शिट्टीसर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाबा, तुम्ही?"

"शिडी काढायची. का? चुकलं?"

तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. पोतं, पिशवी, तीन वाक्यं, दूध, शाळा, कुंड्या. बोलताना ती बाबांसमोर उभी राहून बोलत होती, त्यांना तोंड दिसेल अशी. सेक्रेटरीबाईंकडे तिची पाठ होती आणि बाईंनी ते चालवून घेतलं.

बाबा ऐकत होते. मध्येच ते बाकावर बसले.

"म्हणजे हे कान आहेत," ते सावकाश म्हणाले. "डोकं नाही?"

"डोकं शाबूत आहे बाबा. आम्हा सगळ्यांपेक्षा बरं आहे. कान तपासायला हवेत."

"मला वाटायचं, हल्ली सगळे पुटपुटतातच." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वर्षभर मी रात्री अंथरुणात पाढे म्हणून बघतोय. येतात का अजून, म्हणून."

हे कोणालाच माहीत नव्हतं. भिंगरीच्या आईलाही नाही. बाबा मात्र हसायला लागले होते, आधी खोकल्यासारखे आणि मग मोकळे, पोट धरून. "कान गेले होय! गेले तर गेले मेले! मला वाटलं, मीच चाललो."

सेक्रेटरीबाईंनी डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि एकदम कामाचा आवाज काढला. "काका, कान दाखवून या. डॉक्टर काय देतील ते लावा. तोवर किल्ल्या तुमच्याकडेच. पण पाण्याचं काहीही असलं तर सांगणाऱ्याने समोर येऊन सांगायचं, आणि तुम्ही ते परत म्हणून दाखवायचं. हात वर करून भागणार नाही."

"आणि 'नाही' आधी म्हणायचं," शिट्टीसर म्हणाले. "नाही सोडायचं पाणी. असं."

"ते सगळं ठीक आहे हो," खालून फरशीवाला ओरडला. "पण आता शिडी सोडायची आहे की नाही?"

"आहे, आहे!" बाबा उठले. "हे बरोबर ऐकलं मी."

त्याच आठवड्यात नणंदेला फोन झाला. ती आधी भांडली, मला आधी का नाही सांगितलं म्हणून, मग रडली, मग म्हणाली, "वहिनी, नक्की डोक्याचं नाही ना?" भिंगरीच्या आईने फोन बाबांच्या हातात दिला. त्यांच्या उजव्या कानामागे नवं यंत्र होतं, लहान शेंगदाण्याएवढं. ते फोनवर म्हणाले, "हळू बोल. ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?"

तलाव त्या वर्षी उशिरा उघडला. स्पर्धेत शिट्टीसरांची पोरं मागे पडली आणि त्यांनी कोणाला दोष दिला नाही. सांधे दुसऱ्यांदा भरताना बाबा रोज खाली उतरून फरशीवाल्यासमोर बसायचे आणि त्याला मान वर करायला लावायचे. फरशीवाल्याच्या बायकोने त्यांना निरोप धाडला की तुमचे उपकार झाले, माणूस घरीही तोंडाकडे बघून बोलायला लागला.

भिंगरीची आई मात्र ही गोष्ट अजून सांगत असते. ऑफिसात, बसच्या रांगेत, भिंगरीच्या शाळेच्या फाटकाशी. आणि सांगून झाली की ऐकणारीला तशी सोडत नाही, तिचा हात धरते. तुम्ही इथवर आलात, तर तुम्हालाही सोडणार नाही. तिचं म्हणणं एवढंच आहे:

तुमच्या घरात कोणी हल्ली गप्प गप्प असेल, सगळ्याला मान डोलावत असेल, आणि तुम्ही आपसात म्हणत असाल की आता वय झालं, तर आज घरी जा. त्यांच्या मागे उभं राहा. नेहमीच्या आवाजात, हात कामात असताना म्हणतो तसं, एकदा म्हणा, "आत्ता चहा ठेवायचा नाही." आणि ते उठून आधण ठेवायला निघाले, तर रागावू नका. चहा होऊ द्या, समोर बसून प्या. आणि उद्या सकाळी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. बघाल ना?